डेनिसची लाल गिटार

दौंडच्या रेल्वे कॉलनीत मी गेलो व्हतो खाट आणायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी बायको ललिता अजून म्हणते की मी ठरवूनच गेलो व्हतो. न्हाई हो! तिची पाठ धरलेली, घरात धड निजायला साधन न्हाई, मी कशाला गिटार धुंडत फिरू?

चौऱ्याहत्तर साल असंल. मी लोको शेडमधी खलाशी. दिवसभर इंजिनाची काजळी खरवडायची आन् संध्याकाळी अंगाला साबण चोळून कोंडिबामामांच्या गायन पार्टीत जाऊन बसायचं. मामा पेटी वाजवायचे आन् गायचे. आवाज असा की म्हातारी माणसंबी रडायची. मी झांजा वाजवायचो. झांजवाल्याला कोण इचारतंय? कार्यक्रम झाला की मामांना हार, ढोलकीवाल्याला चहा, आन् मला, "ए चांगदेव, सतरंजी झटक की जरा." वीस माणसांत आपलं तोंड कुणाच्या ध्यानातच ऱ्हात न्हाई, ह्याची मला लई लाज वाटायची. एकदा तरी कुणीतरी म्हणावं, हे चांगद्यानं वाजवलं. बास, तेवढंच पायजे व्हतं मला.

तर खाट. कॉलनीत तवा अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची घरं बरीच व्हती. क्वार्टर सोडायची येळ आली की सामान व्हरांड्यात मांडून इकायचं, अशी त्यांची रीत. ग्रेटाआंटीचा नवरा मेलगाडीचा ड्रायव्हर, तो वारला आन् बाईला क्वार्टर खाली करायला सांगितलं. व्हरांड्यात कपाट, टेबल, फुलांच्या कुंड्या. खाट आधीच गेलेली. आन् वेताच्या खुर्चीवर ती, पिकल्या बोरावानी लाल, लाईटवर वाजणारी गिटार.

आंटी दाराच्या पडद्याआड उभी. म्हटलं, "आंटी, हीबी इकायची का?"

"घेऊन जा."

"हातात घेऊन बघू?"

"बघू नको. घेऊन जा."

भाव काय झाला ते सोडा, खाटेपेक्षा कमीच. मी खुर्चीवरनं गिटार उचलली आन् सायकलला बांधली. वळून बघितलं तर आंटी त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत व्हती.

ललितानं दारातच ओळखलं. "खाट आणायला गेलात आन् सवत घिऊन आलात व्हय?" पण तीच बया दोन दिवसांनी जुन्या लुगड्याची खोळ शिवत बसली. मनानं लई चांगली हाय ती.

आन् मी? मी पार येडा झालो. शेडमधनं घरी आलो की आधी तिला पुसायची, मग भाकरी. शिकवायला कुणी न्हाई. मामांच्या पेटीवर सूर धरायचा आन् तो तारंवर धुंडायचा. डाव्या हाताची बोटं सोलपटून निघाली, मग फोड आले, मग घट्टे पडले. ते घट्टे मी शेडमधी सगळ्यांना दाखवत फिरायचो. माझ्या कष्टाचे व्हते ना ते. चार महिन्यांनी मामा म्हणाले, "चांगद्या, आता कासुर्डीच्या कार्यक्रमाला घे तिला."

कासुर्डीला शाळंपुढं पटांगणात मंडप. माईकवाला आमचा खंडू. त्यानं माझी वायर त्याच्या मशीनला जोडून दिली, भोंगा चिंचेवर बांधलेला. दिवस मावळत आलेला, जनावरं घरला चाललेली, धूळ आन् चुलीचा धूर. गाण्याआधी आमच्यात त्रिशरण-पंचशील घेतात. सगळी उभी ऱ्हातात, हात जोडून. गिटार मी सतरंजीवर निजवून ठेवली.

मामांनी पहिलं शील म्हटलं, लोकांनी मागनं म्हटलं. मग दुसरं. अदिन्नादाना... म्हंजी, जे मला दिलेलं न्हाई ते मी घेणार न्हाई.

आन् भोंग्यातनं एक सूर आला. टंऽऽग. एकच. लांब.

मी खाली बघितलं. तिच्याजवळ कुणीच न्हाई. फक्त बारीक तार थरथरत व्हती.

"अर्थिंग न्हाई नीट," खंडू पुटपुटला. लोकं हसली, मीबी हसलो. पण पुढची तीन शीलं झाली, तार गप. गाणीबी बरी झाली. एकानं तर "वा रं गिटार!" म्हणून आरोळी ठोकली, तवा माझी छाती एवढी फुगली.

पुढचा कार्यक्रम दौंडला, आमच्याच विहारात. दुसरं शील, आन् टंऽऽग. त्याच्या पुढचा पाटसला. ह्या खेपेला मी शहाणपणा केला, वंदनेआधी वायर उपसून खिशात घातली. आता वाज म्हटलं! मामांनी दुसरं शील धरलं... आन् भोंग्यातनंच आवाज आला. वायर माझ्या खिशात. खंडूनं हात जोडलेले तसेच ठेवून माझ्याकडं बघितलं. त्याचं तोंड पांढरं पडलं व्हतं.

पुढं बसायला येणारी धुरपदा आजी. तिला कानानं कमी ऐकू यायचं, पण हे ऐकू आलं. आख्ख्या मंडपात ती मोठ्यांदा म्हणाली, "कोंडिबा, चोरीचं वाजाप हाय का रं ते?"

कुणी हसलं न्हाई. लोकांनी एकामागनं एक माना वळवल्या आन् माझ्याकडं बघितलं. बघा, आजवर माझं तोंड कुणाच्या ध्यानात ऱ्हात नव्हतं, आन् आता सगळ्यांच्या ऱ्हाणार व्हतं, ते असं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी चोर न्हाई हो! पैसे मोजून आणलेली. पण ते कुणाला सांगणार? शील म्हणताना बोलती ती तार, तिच्यापुढं माझं कोण ऐकतंय?

परतताना टेम्पोत मामा माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, "कुणाच्या हातनं घेतलीस?"

"ग्रेटाआंटीकडनं."

"आंटीकडनं कळलं. हातनं कुणाच्या?"

मी म्हटलं, "खुर्चीवरनं उचलली."

मामांनी डोळे मिटले. आमच्या पार्टीत एक रीत हाय. वाद्य आपण होऊन उचलायचं न्हाई. ज्याचं हाय त्यानं दोन्ही हातांनी द्यायचं, आपण दोन्ही हातांनी घ्यायचं. माझ्या झांजासुदिक मामांनी मला अशाच दिल्या व्हत्या. नव्या वाद्याच्या नादात मी ते साफ विसरलो व्हतो.

"जा," मामा म्हणाले. "हातनं घिऊन ये. न्हाईतर परत दे. पार्टीचं नाव जातंय, चांगदेवा." चांगद्या न्हाई, चांगदेवा म्हणाले. ते मला जास्त लागलं.

रविवारी भर दुपारी कॉलनीत गेलो. कुत्रंबी रस्त्यावर नव्हतं. आंटीचं घर रिकामं झालेलं, भिंतींवर तसबिरींच्या जागी पांढरे चौकोन, डांबरगोळ्यांचा वास. उरली व्हती एक ट्रंक, एक स्टोव्ह आन् व्हरांड्यातली ती खुर्ची. तिला कुणी घेतलं नव्हतं.

"मला ठाऊक होता तू येणार," आंटी म्हणाली. जन्म दौंडात गेला तरी बाईचं मराठी तसंच.

मी म्हटलं, "आंटी, एकदा तुमच्या हातानं द्या. एवढंच काम हाय." आन् गिटार खुर्चीवर ठेवून मी दोन्ही हात पुढं केले.

ती दोन पावलं मागं सरली. "मी कसा देणार? माझा नाही तो. डेनिसचा आहे."

डेनिस तिचा पोरगा. इंजिनावर फायरमन व्हता, टायफॉईडनं गेलेला. ती ट्रंकेवर बसली आन् जमिनीकडं बघत सांगाय लागली.

"तो गेला, मग रोज दुपारी इथे वाजवायचा. ह्या खुर्चीत. पहिल्यांदा मला बरा वाटला. मी चहा ठेवायची त्याच्यासाठी. मग... मग मला भीती वाटायला लागली. आपलाच मुलगा, आणि भीती! साहेब होता तोपर्यंत ठीक. एकटी झाली, मग सहन नाही झाला." तिनं पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवला. "म्हणून तुला म्हटला, घेऊन जा. गिटार गेला की तो पण जाईल. आई आहे मी. आईने पोराला घराबाहेर काढला... तू कोणाला सांगू नको."

मी माझी लाज घिऊन आलो व्हतो, आन् बाईची लाज माझ्यापेक्षा थोर निघाली.

"तारा तू बदलल्या?" तिनं इचारलं.

"व्हय. उलट्या लावलेल्या व्हत्या, म्हणून नीट केल्या."

"उलट्या नव्हत्या. तो डावखुरा होता. डाव्या हाताने छेडायचा, उजव्याने दाबायचा." मग हळूच म्हणाली, "त्यालाच माग. तो आहे आता. तू आला तेव्हा तुझ्या मागून आला."

मी मागं वळून बघितलं न्हाई. हिंमतच झाली न्हाई. लांब यार्डात इंजिनानं वाफ सोडली आन् मग सगळं गप झालं. मी खुर्चीपुढं गुडघ्यावर बसलो, दोन्ही तळहात वर धरले. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. कसंतरी म्हटलं, "बाळा... लई लाज गेली माझी. तुझं असंल ते... दे मला."

गिटार हलली न्हाई. वेत करकरला, कुणी पुढं वाकल्यावर करकरतो तसा. मग माझ्या तळहातांवर गार काहीतरी टेकलं. बोटं व्हती. बोटांची टोकं. उजव्या हातावर जरा जास्त येळ टेकून ऱ्हायली... आन् गेली.

आंटी ट्रंकेवर बसूनच रडत व्हती, पण तोंडावर हसू व्हतं. "दिला ना? आता मी झोपणार," म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती क्वार्टर सोडून बंगलोरला भाच्याकडं गेली.

त्यानंतरचा कार्यक्रम शिरूरला. माणूस मावत नव्हतं. मी हात जोडून उभा. मामांनी दुसरं शील म्हटलं. तार गप! पुढची शीलं झाली, तरी गप. मामांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. मला रडूच फुटलं हो. म्हटलं सुटलो.

मग गाणं सुरू झालं. मी गिटार मांडीवर घेतली, आन् माझ्या हातांनी ती उलटी धरली. मी न्हाई धरली. हातांनी धरली. डावा हात तारा छेडायला गेला, उजवा दाबायला. मी अशी कवाच वाजवली नव्हती, आन् जे वाजलं ते, खरं सांगतो, मी जन्मात वाजवू शकणार न्हाई. मामा गाता गाता थांबले. ढोलकी थांबली. लोकं उठून उभी ऱ्हायली. टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी नोट लावली माझ्या सदऱ्याला. "चांगदेव! चांगदेव!" अख्खं शिरूर ओरडत व्हतं.

तवा माझ्या ध्यानात आलं, मी त्या खुर्चीपुढं नुसतं 'दे' म्हणालो व्हतो. काय दे ते म्हणालोच नव्हतो.

आता आमची पार्टी माझ्या नावावर चालती. नगर, श्रीगोंदा, कुठनं कुठनं बोलवणी येतात. लोकं हात हातात घेतात, पोरं बोटं बघायला मागतात. मी उजवा हात खिशात घालतो. डाव्या हातावरचे माझे घट्टे, माझ्या कष्टाचे, ते कवाच गळून गेले. आता तिथं पोरासारखी मऊ कातडी हाय. घट्टे उजव्या हाताला आलेत. हार गळ्यात पडला की माझी मान आपोआप खाली जाती. लोकं म्हणतात, केवढा कलावंत, पण गर्व कसा तो न्हाई. काय सांगू त्यांना?

ललितानं ओळखलंय. ती त्या बाजूला निजत न्हाई. म्हणती, "उजवा हात गार लागतो तुमचा."

दुसऱ्या शिलाला तार आता बोलत न्हाई. मीच गप ऱ्हातो. बाकी सगळी शील म्हणतात, आन् माझे नुसते ओठ हलतात. आन् त्या येळेला, जोडलेल्या हातांत, उजवी बोटं डाव्या बोटांवर दाबाय लागतात. हळूहळू, एक उचलून दुसरं, तार दाबावी तशी. कुठलं तरी गाणं बसवत्यात ती. मी डोळे मिटून ध्यान दिऊन बघतो, दर कार्यक्रमाला थोडं पुढं जातंय... पण मला ते गाणं येत न्हाई.