साठवरचा काटा

"आज ते परत यायचे नाहीत," तपासनिसाच्या घरी आलेली बाई म्हणाली.

तिचा नवरा ट्रक चालवायचा. ट्रकला मोठे टायर बसवले, आणि तेव्हापासून उताराच्या वळणावर गाडी दोनदा दरीत जाता जाता वाचली होती.

"वेगाचा काटा साठवरच असतो हो! वळणाच्या पाटीवरही साठच लिहिलंय. माझा दीर तीच गाडी आलटून पालटून चालवतो, त्याला काही होत नाही. आणि आमचे हे वरून हसतात. म्हणतात, रस्ताच आटला, मीटरवर एकशेवीस किलोमीटरचे नव्वद झाले."

"भुताटकी," तपासनिसाचा मेहुणा पुटपुटला.

"चप्पल घाल," तपासनीस म्हणाला.

गॅरेजात मिस्त्री उखडला. "मोठ्या चाकाने मीटर कमी दाखवतो, हे मला शिकवू नका. नव्या चाकाचा घेर मीटरच्या इलेक्ट्रॉनिक डबीत आकडा टाकून भरला, दोघा भावांसमोर. मालकाला शेजारी बसवून फिरवून पाहिलं. चोख होता."

ट्रकचा मालक वैतागला होता. "डिझेल तेवढंच आणि किलोमीटर कमी! दोघांतला एक चोर आहे. आता एकालाच ठेवणार."

धाकट्या भावाला ट्रकच्या अड्ड्यावर सगळे 'तुफान' म्हणत. तो हळू आवाजात म्हणाला, "त्या वळणावर मी पंचेचाळीसच्या वर जात नाही. दादाला सांगा, जपून."

"गुणी पोरगा," मेहुणा म्हणाला.

तपासनिसाने रिकामा ट्रक काढायला लावला. थोरला चालवायला; धाकटा, तपासनीस आणि मेहुणा शेजारी दाटीवाटीने. उतार लागला. काटा साठवर. दरी जवळ येऊ लागली. मेहुण्याने डोळे मिटले.

"दादा, ब्रेक मार! पंचेचाळीस कर!" धाकटा किंचाळला.

गाडी करकचून थांबली.

"पाटीवर साठ, काट्यावर साठ," तपासनीस म्हणाला. "मग घाबरलास कशाला?"

धाकटा दाराची कडी चाचपू लागला. तपासनिसाने त्याचा हात धरला.

"एकशेवीसचे नव्वद होतात, म्हणजे मीटर पाऊणच दाखवतो. काटा साठवर असताना गाडी ऐंशीने पळते. नुसत्या टायरने एवढा फरक पडत नाही. मिस्त्रीने मीटर जुळवल्यावर कुणीतरी डबीत घेर कमी करून भरला. खरे साठ हवे असतील, तर काटा पंचेचाळीसवर ठेवावा लागतो. तो नेमका आकडा एकट्या तुफानला ठाऊक होता."

"नुसतं घाबरवायचं होतं," धाकटा रडत म्हणाला. "दादाने नोकरी सोडावी, गाडी मला एकट्याला मिळावी म्हणून."

थोरल्याचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. त्याने धाकट्याकडे मान वळवली.

"आज तू गाडीत होतास, म्हणून ओरडलास ना रे?"