बंद खोलीतला निळा रंग

धप्पकन आवाज झाला आणि पद्मिनीनं तांदळाचं ताट बाजूला सारलं... आवाज बाळासाठी ठेवलेल्या खोलीतून आला होता!

ती धावली. दार लोटताच रंगाचा उग्र वास भपकन अंगावर आला. खिडक्या गच्च बंद, पंखा बंद, आणि त्या कोंदलेल्या हवेत, निळ्या पाखरांनी भरलेल्या भिंतीच्या पायथ्याशी अनुश्री कुशीवर पडली होती... तिची भावजय, आठवा महिना लागलेली! दीड वर्षापूर्वी पाचव्या महिन्यात एक जीव गमावून बसलेली अनुश्री! आणि कोपऱ्यात, नाकाला ओढणी बांधून, हातात स्प्रेचा डबा घट्ट धरून उभी होती चौदा वर्षांची रुचिता. तिचे डोळे भीतीनं विस्फारले होते.

"आत्या... मैं तो सरप्राइज दे रही थी... वो अंदर आई और गिर गई... आत्या, वो मर तो नहीं जाएगी?"

पद्मिनीनं खिडक्या सताड उघडल्या. अनुश्रीला काखेत हात घालून ओढत ओढत व्हरांड्यात आणलं, तोंडावर पाणी मारलं, पोटावर हात ठेवला... पोट निश्चल होतं. देवा, हे लेकरू तरी राहू दे!

इतक्यात फाटकाशी भावाची गाडी थांबल्याचा आवाज आला. त्या दोन क्षणांत पद्मिनीनं जे केलं त्याचा विचार तिनं आधी केलेला नव्हता. तिनं रुचिताच्या हातातला डबा हिसकावून घेतला.

"हात धू, तोंड धू. अन् तू त्या खोलीत गेलीच नव्हती. समजलं?"

"पर आत्या..."

"समजलं का म्हणते मी!"

असं तिनं का केलं, हे कळायला बारा वर्षं मागं जावं लागेल. भाऊ भार्गवची पहिली बायको, रुचिताची आई, तापानं गेली तेव्हा रुचिता दोन वर्षांची होती आणि पद्मिनीचं लग्न भंडाऱ्याच्या एका शिक्षकाशी ठरलेलं होतं. तिनं स्वतःच निरोप पाठवला की आता जमणार नाही... आणि त्यानंतर त्या विषयावर ती कधी बोलली नाही. रायपूरच्या समता कॉलनीतल्या या घरात तिनं पोरीला लहानाचं मोठं केलं. पंडरी बाजारातल्या कापडवाल्यांसाठी ओढण्यांवर स्टेन्सिल ठेवून रंगाची फुलं उठवायची, हेच तिचं काम आणि हाच तिचा विरंगुळा. दोन वर्षांपूर्वी तिनंच आग्रह करून भार्गवचं दुसरं लग्न लावून दिलं होतं.

पण रुचिता नव्या आईजवळ जाईना. "अनुश्री आंटी" म्हणायची आणि दार लावून घ्यायची. सावत्र हा शब्द कोणी उच्चारत नसे, पण तो घरभर वावरत असे. अनुश्रीला पुन्हा दिवस राहिले आणि कोण जाणे कसं, बर्फ वितळू लागलं. अनुश्री पोरीच्या डोक्याला तेल लावून देऊ लागली आणि पोरगी शाळेतून येताना तिच्यासाठी चिंचेच्या गोळ्या आणू लागली. मग एके दिवशी तिनं आत्याचा हात धरून कानात सांगितलं की बाळाच्या खोलीची भिंत मला सजवायची आहे, पण आंटीला कळता कामा नये!

पद्मिनीला किती हर्ष झाला होता! आपल्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर तिनं पाखरं आखून दिली, ती कटरनं कशी कापायची ते दाखवलं. कागदाची चिकटपट्टी लावून स्टेन्सिल भिंतीला बसवायचं, डबा चांगला हलवायचा, वीतभर लांब धरायचा, एकदम ओतायचं नाही, पातळ पातळ थर द्यायचे, नाही तर रंग ओघळतो... आणि दहादा बजावलं होतं, "खिडक्या उघड्या, तोंडाले मास्क, अन् अनुश्री घरात असली तर डब्याले हात लावायचा नाही." पण आज धुळीचा वारा सुटला होता, स्टेन्सिल फडफडत होतं. अनुश्री झोपलीय असं समजून पोरीनं खिडक्या लावून घेतल्या. एवढीच तिची चूक!

पण ही चूक कोण एवढीच म्हणेल? सगळा पारा, सगळी गल्ली काय म्हणेल? सावत्र पोरीनं डाव साधला, म्हणेल! आणि पोटातलं लेकरू दगावलं तर... अनुश्री तरी पुन्हा या पोरीच्या तोंडाकडे बघेल का? नुकतं कुठं जुळत आलेलं ते नातं कायमचं भस्म होईल!

जवळच्या दवाखान्यात अनुश्रीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर पद्मिनी बसून होती. हातावरचा निळा रंग पदराखाली झाकत होती, बंद दाराकडे बघत होती.

भार्गव समोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, कोणी केलं हे?"

"मी."

"बंद खोलीत? तुले रोजचं काम आहे रंगाचं, तुले माहीत नाही? काहून केलं?"

तिनं निळी बोटं पदरात आणखी गुंडाळली.

"का सहनच नाही झालं तुले? माझं घर पुन्हा वसून राहिलं, हे पाहवलं नाही?"

पद्मिनीनं मान वर केली. ज्याच्यासाठी आयुष्य ओवाळून टाकलं, त्या भावाच्या तोंडून हे शब्द...! एका वाक्यात तिला सगळं सांगता आलं असतं. पण भार्गवच्या पाठीमागं रुचिता भिंतीला टेकून उभी होती, तिचे ओठ भीतीनं कोरडे पडले होते. पद्मिनी पुन्हा बंद दाराकडे बघू लागली.

अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. अनुश्री शुद्धीवर आली होती, दार लोटल्यानंतरचं मात्र तिला काही आठवत नव्हतं. बाळाचे ठोके लागत होते. पण चार दिवस काही सांगता येणार नाही, म्हणाल्या.

"बाळ सुखरूप घरी येईपर्यंत तू घरात नको, ताई," भार्गव दुसऱ्या दिवशी म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण शब्द परत फिरले नाहीत.

पद्मिनी दुर्गला मावसबहिणीकडे गेली. तो दीड महिना! फोन वाजला की तिचा हात उचलायला धजायचा नाही. स्वप्नात बंद खोली दिसायची... आणि दार उघडायचं नाही! शेवटी एका दुपारी रुचिताचा फोन आला. "आत्या, बेबी हुई है. एकदम ठीक है." पद्मिनी स्वयंपाकघरातच मटकन खाली बसली आणि पोटभर रडली.

आणि बाराव्या दिवशी सकाळी पुन्हा फोन! पोरीचा आवाज अनोळखी वाटावा इतका शांत होता. "आत्या, आज बारसं आहे. तुमको नहीं बुलाया. मैं आज सबको सच बता दूँगी."

"नको, बाई! माझ्या गळ्याची शपथ..."

फोन बंद झाला होता.

पद्मिनी होती त्या लुगड्यावर निघाली. गाडीत बसल्यावरही तिचे पाय थांबत नव्हते. पोरगी बोलली तर सगळं व्यर्थ जाईल... बायकांनी भरलेल्या घरात, नव्या बाळाच्या पाळण्याशी, तिच्या पोरीचे लचके तोडतील! रायपूर स्टेशनवरून रिक्षा, मग कॉलनीचं वळण, मग फाटक... तिला धाप लागली होती. व्हरांड्यात भार्गवनं तिला बघितलं, तो अडवायला पुढं झाला आणि तेवढ्यात आतून आवाज आला—

"आई, मैंने किया था!"

बैठक चिडीचूप झाली. पाळण्यापाशी अनुश्री बाळाला घेऊन बसली होती. समोर रुचिता उभी.

"कलर मैंने किया था, खिडकी मैंने बंद की थी. आत्याने झूठ बोला, मेरे लिए..."

"नाही हो!" पद्मिनी उंबऱ्यातून ओरडली. "लेकरू आहे, काहीही बोलून राहिलं! मीच केलं, अनुश्री, माझीच चूक..."

"ताई, थांबा." अनुश्री रुचिताकडे एकटक बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. "तू काय म्हणाली? पुन्हा म्हण."

"कलर मैंने..."

"ते नाही. त्याच्या आधी काय म्हणाली मले?"

रुचिताला क्षणभर कळलं नाही. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"...आई."

अनुश्रीनं बाळ एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं पोरीला अशी ओढून घेतली की दोघीही रडू लागल्या. "वेडी पोट्टी! दीड महिना हे एकटी घेऊन फिरून राहिली? मले सांगायचं नाही? इतकी भीती वाटते का माझी?"

भार्गव उंबऱ्याशीच खाली बसला होता. त्यानं बहिणीच्या पायांवर डोकं टेकलं. "ताई... मी दवाखान्यात काय बोललो तुले... माझी जीभ का नाही झडली..."

"ऊठ, बापा. लोक पाहून राहिले." पद्मिनीनं त्याला दंडाला धरून उठवलं. अजून तिचा विश्वास बसत नव्हता, अजून तिला वाटत होतं की कोणीतरी उठेल आणि पोरीवर बोट रोखेल. एक म्हातारी शेजारीण कुजबुजली, "पण सावत्र..."

"काकू," अनुश्री तिथल्या तिथं म्हणाली, "नाव ठेवायची वेळ झाली. आत्या आली आहे. तिच्याशिवाय कोणी पाळण्यापाशी येणार नाही."

पद्मिनी पुढं गेली. अनुश्रीनं बाळाला पाळण्यात ठेवलं आणि नाव पद्मिनीच्या कानात सांगितलं. पद्मिनी वाकली. इतका लहान जीव, इतका ऊबदार... हिचीच हालचाल हाताला लागत नव्हती त्या दिवशी! भीतीनं की आनंदानं कोण जाणे, तिचा आवाज फुटेना. दोनदा ओठ हलले. तिसऱ्यांदा ती बाळाच्या कानाशी पुटपुटली, "अपर्णा..."

"कुर्रर्र!" बायका ओरडल्या. रीतच आहे, नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे बसायचेच. पहिला धपाटा अनुश्रीचा होता, चांगला सणसणीत. मग इतरजणींचे हात आले, हसू आलं, गलका झाला, एकेक हात मागं गेला. अनुश्रीचा हात मात्र तिच्या पाठीवरून उठला नाही... पद्मिनीचं अंग कापायचं थांबेपर्यंत तो तिथंच राहिला.