मागे सोडलेला हात

चार दिवसांच्या मुक्कामात किती डाइव्ह बसतात, याचा हिशेब ताईनं घरूनच करून आणला होता. पहिला दिवस प्रवासात जाणार. विमानात बसण्याआधी एक अख्खा दिवस पाण्याखाली जायचं नसतं, म्हणजे चौथाही बाद. बेटाभोवती दुपारनंतर वारा सुटतो, त्यामुळे बोटी निघतात त्या फक्त सकाळी. उरल्या दोन सकाळी आणि दोन डाइव्ह. आता त्या कुठल्या करायच्या, एवढंच ठरायचं होतं, आणि खरं सांगायचं तर ताईपुरतं तेही ठरलेलंच होतं.

डाइव्ह सेंटर म्हणजे जेट्टीच्या टोकाला उभी केलेली पत्र्याची लांबट शेड. आत रबराचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. खुंट्यांवर ओळीनं टांगलेली जॅकेटं, कोपऱ्यात उभे सिलिंडर, दारापाशी गोड्या पाण्याचं सिमेंटचं टाकं. समुद्रातून वर आलेलं सगळं सामान त्यात बुचकळून काढायचं, अशी तिथली शिस्त. भिंतीवर कुणीतरी हौसेनं समुद्राच्या तळाचा नकाशा रंगवलेला होता.

सेंटर चालवणारा माणूस पन्नाशीचा, उन्हानं रापलेला आणि मोजकंच बोलणारा होता. पण जे बोलायचा ते दोनदा सांगायचा. त्यामुळे ताईच्या धाकट्या बहिणीनं, छकूनं, पहिल्या पाच मिनिटांत त्याचं नाव ‘मास्तर’ ठेवून टाकलं. छकू चौतिशीची झाली होती, एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होती, पण घरात ती अजून छकूच होती. पाण्याखाली जायची तिची ही पहिलीच वेळ. ताई मात्र गेली कित्येक वर्षं सुट्टी मिळाली की समुद्र गाठायची.

मास्तरांनी नकाशावर बोट ठेवून तीन जागा दाखवल्या. जेट्टीजवळची उथळ खाडी, तिथं नुसती वाळू आणि गुडघाभर गवत. तिच्यापुढे प्रवाळांची बाग. आणि बेटाच्या मागच्या अंगाला भिंत, जिथं तळ एकाएकी संपतो आणि खाली निळ्याशिवाय काही राहत नाही. नवशिक्यानं आधी खाडी करायची, मग बाग. भिंत पुढच्या खेपेला. हे त्यांनी अर्थातच दोनदा सांगितलं.

पुढची खेप म्हणजे कधी? छकूला रजा मिळेपर्यंत, आईला सांभाळायला कुणी सापडेपर्यंत आणखी पाच वर्षं सहज गेली असती. भिंतीबद्दल ताई केव्हापासून ऐकून होती. इथवर येऊन दोन्ही सकाळी वाळूत आणि बागेत घालवायच्या, या कल्पनेनंच तिचा जीव थोडा थोडा झाला. आणि तोंडातून निघून गेलं, “हिची पहिली वेळ नाही. दोन वर्षांपूर्वी केल्यात दोन-तीन डाइव्ह. उद्या भिंत करू, परवा बाग.”

मास्तरांनी छकूकडे पाहिलं. छकूनं ताईकडे पाहिलं. चारचौघांत ताईचं बोलणं खोडायचं नाही, ही छकूची लहानपणापासूनची सवय. शाळेत कुठले विषय घ्यायचे इथपासून केस किती कापायचे इथपर्यंत सगळं ताईनं सांगायचं आणि तिनं मान हलवायची. तिनं मान हलवली.

संध्याकाळी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात ताईनं तिच्याकडून सगळं करून घेतलं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर काय करायचं, कान दुखले तर नाक चिमटीत धरून हवा कशी ढकलायची. छकू शहाण्या मुलीसारखी शिकली. ताईनं स्वतःची समजूत घातली, की आपण बरोबर आहोत, मग भीती कसली.

“मी तुझा हात सोडणार नाही,” ती म्हणाली. “दोनदा दाबला, की तू दोनदा दाबायचा.”

ही त्यांची जुनी खूण. लहान असताना दिवे गेले, की शेजारच्या गादीवरून ताईचा हात यायचा आणि दोनदा दाबायचा. आहेस ना? छकूनं दोनदा दाबायचं. आहे. मग दोघींनाही झोप लागायची.

सकाळी समुद्र ताटात पाणी ओतल्यासारखा सपाट होता. बोटीवर मास्तर, बोटवाला आणि या दोघी, एवढेच. बेटाला वळसा घालून बोट नांगरली, तेव्हा मास्तरांनी एक गोष्ट निक्षून सांगितली. भिंतीपाशी दोन्ही हात छातीशी धरायचे. डावा हात तर जॅकेटच्या पट्ट्यात खोचूनच ठेवायचा. हात मागे सोडायचा नाही.

ताईनं कारण विचारलं. प्रवाळ धारदार असतात, ते म्हणाले. पण प्रवाळ उजव्या हाताला असणार होते. भिंत उजवीकडे ठेवून पोहायचं, हे त्यांनीच आत्ता सांगितलं होतं. ताईला वाटलं, प्रत्येक ठिकाणी असतात असले नियम. आणि पट्ट्यात हात खोचला तर छकूला धरणार कशानं? तिनं मनातल्या मनात तो नियम बाजूला ठेवला.

नांगराच्या दोराला धरून त्या उतरल्या. ताई पुढे, तिच्या मागे लांबवलेल्या डाव्या हातात छकूचा उजवा हात, आणि वर, सगळ्यांच्या मागे, मास्तर. थोडं खाली गेल्यावर छकूनं हात सोडवून घेतला. नाक धरत असेल, ताईनं ओळखलं. ती दोराशी क्षणभर थांबली. वरून धातूवर धातू आपटल्याचा टणटण आवाज आला. मास्तर काहीतरी दाखवत असणार, एखादा मासा वगैरे. मागे वळून बघायचं तर मास्क घातल्यावर नुसती मान वळवून भागत नाही, सगळं अंग फिरवावं लागतं. आणि खाली भिंतीची कड दिसायला लागली होती.

तेवढ्यात हातात हात आला. ताई निघाली.

भिंतीबद्दल तिनं ऐकलं होतं ते सगळं खरं होतं. कडेवरून पुढे सरकलं, की पायाखालचा समुद्र नाहीसा होत होता. उजवीकडे जांभळे पंखे हलत होते, त्यांच्यामधून पिवळे मासे आत-बाहेर करत होते. एक म्हातारं कासव ढिम्म बसून होतं. ताईनं डावा हात दोनदा दाबला. जरा वेळानं उत्तर आलं, दोनदा. गार पडलाय हिचा हात, तिच्या मनात आलं. पोरीला थंडी लवकर वाजते.

पुढे एका कपारीत केवढा तरी मोठा मासा तोंड उघडून उभा होता. ताईनं उजव्या हातानं बोट केलं, डाव्यानं दाबलं. उत्तर आलं. किती शांत पोहते आहे ही, तिला कौतुक वाटलं. मागे पायांतल्या फिनांचा आवाज नाही, बुडबुड्यांची धांदल नाही. आपण उगीच घाबरत होतो. खोटं बोललो ते एका अर्थी बरंच झालं.

मग समोरून मास्तर आले.

ते वरून तिरके, भराभर पाय मारत खाली आले आणि त्यांनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मनगट धरून तो हात पुढे ओढला आणि तिच्या छातीवरच्या पट्ट्यात घट्ट खोचला. ओढताना तो सहजासहजी आला नाही. हातातला हात आधी निसटेना, मग निसटला.

ताई गर्रकन वळली. मागे कुणी नव्हतं. भिंत होती आणि निळं पाणी होतं.

तिनं खाली पाहिलं, वर पाहिलं, मास्तरांना खुणेनं विचारलं. त्यांनी वर बोट दाखवलं, बोटीची खूण केली, मग ठीक असल्याची. वर येताना वाटेत थांबावं लागतं तेवढा वेळ ती दोराला लटकून होती आणि एवढंच घोकत होती, की ती बोटीवर असू दे.

छकू बोटीवर टॉवेल गुंडाळून बसली होती. कान धरून. ताईला पाहून ती हसायला बघत होती.

“कान दुखायला लागला म्हणून मी हात सोडला,” ती म्हणाली. “नाक दाबून पुन्हा बघितलं, तर तू गेली होतीस. यांनी केवढं ठोकलं सिलिंडरवर. मग मला वर सोडून ते तुला शोधायला गेले.”

म्हणजे पहिल्या दोन-चार मिनिटांतच. ताईनं बोटीच्या कठड्याला धरलं. एवढा वेळ आपण एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मास्तरांनी जॅकेट काढलं, तोंड पुसलं. ते ओरडले असते तर ताईला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “यांची पहिलीच वेळ ना?” ताईनं मान खाली घातली. मग ते जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, “हात मागे का होता तुमचा? कुणाचा धरला होता?”

छकू ऐकत होती. छकूचाच, असं म्हणायला ताईचे ओठ उघडले होते. पण ते सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की दुसरंच काहीतरी हातात घेऊन मी मजेत पुढे गेले आणि तुझा चेहरा बघायचं मला सुचलं नाही.

“कुणाचा नाही,” ती म्हणाली. “सवयीनं राहिला मागे.”

“काही असेल तर आत्ता सांगा. आत्ताच सांगा.”

“काही नाही.”

मास्तरांनी बोटवाल्याला निघायला सांगितलं.

त्या दिवशी ताईनं छकूची माफी मागितली, अगदी हात जोडून. छकू म्हणाली, जाऊ दे गं, झालं ना सगळं नीट. आईचा फोन आला तेव्हा छकूनंच सगळं छान असल्याचं सांगितलं, आणि ताईला ते मारापेक्षा जास्त लागलं. हाताचं मात्र ती कुणाशीच बोलली नाही. पाण्याचा दाब असतो, प्रवाह असतो, मन खेळ करतं. असं तिनं स्वतःला पटवलं. पण हात निसटताना बोटं एकेक करून सुटली होती, ते काही तिला पटवता आलं नाही.

दुसऱ्या सकाळी छकूचा कान मोकळा होता. मास्तरांनी दोनदा खात्री केली आणि मगच तयार झाले. उथळ खाडी, तीही त्यांच्या डोळ्यांसमोर.

“हात खोचायचे का?” छकूनं विचारलं.

“इथं गरज नाही. इथं नुसती वाळू आहे,” ते म्हणाले, आणि बोलता बोलता ताईकडे पाहिलं.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. ताईनं नजर वळवली आणि स्वतःचा डावा हात मुकाट्यानं पट्ट्यात खोचला.

खाडी कंबरभर पाण्यापासून सुरू होत होती. उजव्या हातात तिनं छकूचा उजवा हात धरला, समोरून, चेहरा दिसेल असा. मास्तर दोघींच्या पुढे, उलटे पोहत. छकूचे डोळे मास्कमध्ये मोठे दिसत होते. ताईनं सुरुवातीला हात दोनदा दाबला. लगेच उत्तर आलं, ऊबदार, नेहमीचं. मग ताईनं पुन्हा विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, ती सगळा वेळ बघत होती. वाळूवर ऊन हलत होतं. छकू पाण्याखाली हसली आणि तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं, तेही तिनं नीट काढलं. ताईच्या जिवात जीव आला.

शेडपाशी परतल्यावर दोघी टाक्यात मास्क बुचकळत उभ्या होत्या. छकूचा चेहरा उजळला होता.

“आज मला अजिबात भीती वाटली नाही,” ती म्हणाली. “दोन्ही हात धरलेस ना, म्हणून. आणि किती वेळा विचारत होतीस गं. उत्तर देऊन देऊन दमले मी.”

ताईच्या हातातला मास्क टाक्यात तळाशी गेला.

“डाव्या हातानं?” तिनं विचारलं.

“हो. डाव्यानंच तर माझा डावा दाबत होतीस.”

मास्तर सिलिंडर उचलत होते, ते थांबले.

चौथा दिवस कोरडा गेला. पाचव्या सकाळी विमानतळाच्या गाडीत छकूला लगेच झोप लागली. डोकं काचेला टेकलेलं, उजवा हात पर्सवर. डावा हात सीटवर दोघींच्या मध्ये उताणा पडला होता. बोटांची टोकं सुरकुतलेली होती, आत्ताच पाण्यातून बाहेर काढल्यासारखी. उजव्या हाताची नव्हती.

ताई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला राहवलं नाही. तिनं तो हात हातात घेतला. तो गार होता.

तिनं काहीच विचारलं नव्हतं. छकूचा श्वास संथ चालला होता, तोंड किंचित उघडं होतं.

हातानं दोनदा दाबलं, आणि तो उत्तराची वाट बघत राहिला.