पॉइंट्सवरची एकच सीट

“एकच सीट होती, मॅडम. ती या सरांनी आत्ताच घेतली,” विमान कंपनीच्या काउंटरवरच्या बाईनं स्क्रीनवरची नजरही न काढता सांगितलं.

मी वळून पाहिलं. माझ्या पुढचा नंबर त्याचा. शांत चेहरा, हातात ओली छत्री... आणि खिशात माझी सीट.

चार वर्षं मी हत्यारांची पेटी ओढत, दवाखान्यांतली एक्स-रे मशीन दुरुस्त करत विमानानं हिंडले होते. प्रवासाचा एकेक पॉइंट साठवला होता, तो आता ताईच्या बाळंतपणासाठी वापरायचा होता. ताई परदेशात एकटी, भावजी मालवाहू जहाजावर, आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. वीस तारखेच्या आत मला तिच्याजवळ पोचायचं होतं. रोखीचं तिकीट मला परवडणारं नव्हतं.

“तुम्ही कशाला चाललाय तिकडे?” मी त्याला सरळ विचारलं.

“खरं सांगू? पॉइंट्स महिनाअखेर बाद होतायत. म्हटलं, सगळ्यात लांब कुठे जाता येईल...”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझी बहीण तिकडे एकटी बाळंत होणार, आणि तुम्ही हवापालटाला जाणार. छान.”

सगळी रांग ऐकत होती. तो मात्र माझ्याकडेच बघत होता... भुवई जराशी वर. त्यानं मी आणखीच भडकले. डोळे बरे होते, पण ते नंतर लक्षात आलं.

“मग तुम्हीच घ्या,” तो म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं मोबाइलवर बोट दाबलं. “केली रद्द.”

काउंटरवरच्या बाईनं कपाळाला हात लावला. “अहो सर, विचारायचं तरी. रद्द केलेली सीट पॉइंट्सच्या कोट्यात परत येत नाही. ती आता पैसे भरणाऱ्यांना गेली.”

झालं. ना त्याला, ना मला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी परत गेले, तर हा आधीच बाकावर बसलेला. “पॉइंट्स परत आलेत माझे. सीट सुटते का, बघत बसलोय. तुमच्यासाठी.”

“उपकार नकोत.”

“कॉफी तरी?” त्यानं कप पुढे केला. “साखर दोन चमचे जास्त घातलीय. फरक पडतो का बघू.”

“एवढं ऐकून घेता, करता काय तुम्ही?”

“बुद्धिबळाचा पंच आहे. दिवसभर लोकांना गप्प बसवतो.”

“मला बसवून दाखवा.”

“कशाला? ऐकायला बरं वाटतंय...”

माझे कान तापले. रागानंच — निदान त्या दिवशी तरी.

मग रोज तेच. तो तारखा शोधायचा, मी भांडायचे, सीट काही मिळायची नाही. सहाव्या दिवशी तो आलाच नाही, तर मी काउंटरवरच्या बाईवर उगाच खेकसले.

“काल कुठे होता?” सातव्या दिवशी मी विचारलं.

“स्पर्धा होती. वाट पाहिलीत?”

“सीटची पाहत होते.”

“हं,” तो म्हणाला, आणि हसू लपवायला कपात बघत बसला.

आठव्या दिवशी सीट निघाली. दोन विमानं, मध्ये अकरा तास ताटकळणं, पण अठराला पोचणार. पॉइंट्स लागत होते नव्वद हजार, माझ्याकडे बासष्ट.

“माझ्यातून काढा,” तो म्हणाला.

“दुसऱ्याच्या पॉइंट्सवर फक्त घरचं माणूस जाऊ शकतं,” बाई म्हणाली. “नातं सांगा. दहा मिनिटंच सीट धरता येते.” तिनं स्क्रीन आमच्याकडे वळवली. आई, वडील, भाऊ, बहीण, पत्नी, होणारी पत्नी.

तो खाकरला. “बहीण... लिहू या का?”

“बहीण?” माझा आवाज चढला. “आठ दिवस असं टक लावून बघत बसलात, ते बहिणीकडे?”

“दुसरं लिहिलं तर तुम्ही चिडाल, म्हणून...”

“चिडलेच आहे मी.”

“मी खोटं लिहीत नाही कुठे,” तो हळूच म्हणाला. “माझ्या बाजूनं शेवटचंच खरं आहे. पण तुमच्या बाजूचं मला ठाऊक नाही. खरं नसेल तर सांगा, तिकिटाचं दुसरं काहीतरी बघू. उसने घेऊ.”

काय हा माणूस. सहा मिनिटं उरली होती, ताई तिकडे वाट बघत होती, आणि याला माझी बाजू ऐकायची होती.

“आवडता तुम्ही मला,” मी म्हणाले, अगदी भांडल्यासारखं. “काल आवडत होता, परवाही. न आलात त्या दिवशी तर फारच. लिहा आता.”

त्यानं शेवटच्या नात्यावर बोट ठेवलं.

तिकीट हातात आल्याबरोबर मी ताईला फोन लावला. “अठराला येतेय मी.”

“तिकीट कुणी काढलं गं?”

“तुझ्या मेव्हण्यानं.”

“कुठला मेव्हणा?”

“ठरला. पाच मिनिटं झाली.”

“अगं, मग चिडून काय सांगतेस?”

“चिडले नाही गं, ताई,” मी म्हणाले, आणि त्याच्या बाहीला धरून रडू लागले.