तिच्या झोपेपायी गेलेला नंबर

वरच्या ऑफिसातला प्रिंटर दुरुस्त करून तो जिना उतरत होता. पाठीवर हत्यारांची बॅग, छातीवर नावाचा बिल्ला, डोक्यात फक्त घर आणि गादी. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या दारातून ती डोकावली. केसांत दोऱ्याचे तुकडे, डोळे जागरणाने सुजलेले.

"कॉम्प्युटरवाले ना तुम्ही? माझा अगदी मरायला टेकलाय... बघता का जरा?"

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि 'बघतो' म्हणून बसला. मग स्वतःवरच वैतागत आत शिरला.

खोलीभर पांढऱ्या कोटांचे ढीग होते. ती मशीनवर भरतकाम करून द्यायची. एका नव्या इस्पितळातल्या डॉक्टरांची नावं कोटांच्या खिशांवर भरायची होती, आणि कोट सकाळी पोचले नाहीत तर पुढचं सगळं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. नेमका आजच कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता. तिने मात्र म्हणे काहीच केलं नव्हतं. असं सगळेच म्हणतात, म्हणून त्याने जास्त चौकशी केली नाही.

तिची डिझाइन्स त्याने वेगळ्या डिस्कवर काढून घेतली, हार्डडिस्क पार पुसली, भरतकामाचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. लायसन्स रीतसर घेतलेलं, तिच्या नावावरचं. तरी सॉफ्टवेअर उघडेना. हे लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिलं. डिस्क पुसली की सॉफ्टवेअरला तोच कॉम्प्युटर नवा वाटतो, म्हणून पुसण्याआधी लायसन्स मोकळं करून घ्यायला हवं होतं. त्याला हे पाठ होतं, पण आज विसरला. दमल्यामुळे विसरला, की ती दोरे ओवताना गुणगुणत होती म्हणून, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही. चूक आपली आहे, हे मात्र तिला सरळ सांगून टाकलं.

"चला," ती म्हणाली, "आज माझ्याशिवाय कुणाचं तरी चुकलं."

सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. स्पीकरवर तेच ते संगीत, आणि मधूनमधून 'तुमचा नंबर लवकरच येईल'. वेळ जावा म्हणून तिने विचारलं, तुमच्या घरचा कॉम्प्युटर तरी धड चालतो का. तो केव्हाच बंद पडलाय, घरी गेल्यावर त्याच्याकडे बघायचं त्राण कुणाला असतं, असं तो म्हणाला.

ती हसली. "हसवू नका हो... हसायलाही ताकद लागते." बोलता बोलता तिने कोटांच्या ढिगावर डोकं टेकलं आणि तिला झोप लागली.

नंबर नेमका तेव्हाच आला. हेल्पलाइनवरच्या बाईंनी सांगितलं, लायसन्स ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडेच फोन द्या.

त्याने तिच्याकडे पाहिलं. झोपेतही तिने चिमटीतला दोरा सोडला नव्हता. नुसता खांद्याला हात लावला असता तरी पुरलं असतं. त्याने हात पुढे केला... आणि मागे घेतला.

"त्या झोपल्यात," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग उठवा."

"नाही उठवणार."

"नंबर जाईल, साहेब. पुन्हा रांगेत शेवटी."

"जाऊ दे."

फोन ठेवला आणि त्याचं लक्ष कोटांच्या ढिगांकडे गेलं. दुसऱ्याच्या पोटापाण्याशी खेळायचा आपल्याला काय अधिकार? त्याने घाईघाईने पुन्हा नंबर फिरवला.

ती दचकून उठली. "अजून आला नाही नंबर?"

"येऊन गेला." त्याने सगळं सांगितलं.

तिचा चेहरा लाल झाला. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? उठवायचं ना मला."

"उठवणारच होतो. पण... तुम्ही मला आवडायला लागलात. तुम्हाला इतकं दमलेलं बघवेना."

तिने चिमटीतला दोरा बाजूला ठेवला. मग फोन स्वतःकडे ओढत म्हणाली, "आता तुम्ही टेका डोकं. मी बसते."

त्याने डोळे मिटले, पण झोप कसली येतेय! आपण बोलून चुकलो, आणि तिचं काम गेलं तर तेही आपल्याच पायी, हेच मनात घोळत राहिलं. अखेर नंबर आला, आणि फोनवर मघाच्याच बाई होत्या. लायसन्स मोकळं झालं, सॉफ्टवेअर उघडलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"अजून एक नाव देऊन ठेवा," हेल्पलाइनवरच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही झोपलात तर आम्ही कुणाशी बोलायचं?"

तिने त्याच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून सांगितलं.

"हे कोण तुमचे?"

त्याने मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

"घरचे," ती म्हणाली.

"मघाशी फोन ठेवला तेच का?"

"हो... तेच."

तिने फोन ठेवला, मशीन सुरू केलं आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "झोपेचं सोंग पुरे. कोटांच्या घड्या घालता येतात का?"

येत नव्हत्या. तो उठून तिच्या शेजारी बसला आणि पहिला कोट त्याने मांडीवर घेतला.