दुपारी बाराची मध्यरात्र

"फोन बंद असेल तर त्या वहीत लिहा," मी मान वर न करताच म्हटलं.

"फोन चालू आहे हो! शतकच बंद पडणार म्हणतात. ती तक्रार कुठल्या वहीत लिहू?"

मी वर बघितलं... आणि बघतच राहिले. खांद्याला फ्लॉप्यांची पिशवी, केसांत एसटीची धूळ, डोळ्यांत खट्याळ हसू. हा सत्यजीत. आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजला दौंडहून आठवडाभरासाठी धाडलेला इंजिनिअर.

नव्व्याण्णव सालचा डिसेंबर होता. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर शून्य-शून्य बघून गडबडतील, एकोणीसशे समजून बसतील, अशी सगळीकडं धास्ती. वरून हुकूम आला होता की काही झालं तरी दवाखाना, पोलीस, ग्रामपंचायत यांचे फोन तुटता कामा नयेत.

"आणि कॉम्प्युटर बसलाच तर?" मी विचारलं.

कोपऱ्यातल्या जुन्या प्लगच्या बोर्डवरचं कापड त्यानं उचललं. "तर हा. पण हा चालवणारं कुणी उरलंय का इथं?"

"मी आहे की!"

"मग तेजश्री मॅडम, मला शिकवा."

शिकवलं. दिवा लागला की प्लग खोचायचा. कळ पुढं ढकलली की आपलं बोलणं पलीकडं जातं, मागं ओढली की बंद. तो मुद्दाम चुकायचा—

"अहो साहेब, पोलीस चौकीला दवाखाना जोडलात!"

"असू द्या. चौकीतून बाहेर पडलेला तिकडंच जातो ना?"

कीर्तनात बुवा पूर्वरंग लांबवतात आणि आपला जीव मात्र पुढच्या कथेकडं लागलेला असतो... पाच दिवस माझं तसंच झालं. पांडुरंगा, हा बोलणार तरी कधी?

कारण रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. माझे वडील, हौसराव आबा, वडगाव रासाईचे सरपंच. त्यांनी पाहुण्यांना निरोपही धाडला होता. आणि आबांच्या समोर उभं राहून 'नको' म्हणायचं बळ माझ्या अंगात नव्हतं.

शुक्रवारी तालीम. दुपारचे बारा म्हणजे रात्रीचे बारा समजायचे! गावोगावचे सरपंच पंचायतीच्या फोनपाशी बसले. सत्यजीतनं कॉम्प्युटरचं घड्याळ एकतीस डिसेंबरवर नेलं.

"तीन... दोन... एक..."

आकडे फिरले. दोन हजार! कॉम्प्युटर ठणठणीत! आम्ही दोघं पोरांसारखे ओरडलो. मग हुकुमाप्रमाणं तो मुद्दाम बंद केला आणि मी बोर्डवर बसले. वढू गाव लागलं, दवाखाना लागला, शेवटी वडगाव रासाई.

"आबा, ऐकू येतंय?"

"व्हय व्हय! अगदी खणखणीत!"

"धरून ठेवा. पंधरा मिनिटं लाइन टिकती का बघायचंय."

मी कळ मागं ओढली. सत्यजीत शेजारच्या स्टुलावर टेकला.

"झालं काम. संध्याकाळच्या गाडीनं दौंड."

"बरं."

"नुसतं बरं?"

"मग काय, ओवाळू?"

"तेजश्री..." 'मॅडम' पहिल्यांदाच गळालं. "मला एक... म्हणजे, जायच्या आधी..."

आबांच्या लाइनचा दिवा माझ्यासमोर जळत होता. काळीज मृदंगासारखं वाजायला लागलं. आता नाही तर कधीच नाही! मी हात पुढं केला... आणि कळ पुढं ढकलली.

त्यानं ते बघितलं. मीच शिकवलेलं, कळणार नाही कसं? चेहरा पांढराफटक पडला. वाटलं, उठून जातोय आता—

पण तो वाकला, थेट माउथपीसपाशी. "मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"मलाही," मी म्हटलं. "आबा... रविवारी पाहुणे नकोत."

पलीकडं नुसती घरघर. मी डोळे गच्च मिटून घेतले. माझ्या मुठीवर एक ऊबदार हात येऊन थांबला...

"कोण रं तू?" आबांचा आवाज त्यालाही बाहेर ऐकू गेला.

"सत्यजीत. दौंडचा. कॉम्प्युटर तपासायला आलोय."

"हां... त्यो व्हय." मग घसा खाकरल्याचा आवाज. "रविवारी आईबापाला घिऊन येशील?"

"येतो की! नक्की येतो!"

"मग ऐक. मघाचं त्ये पुन्यांदा बोल, जरा मोठ्यानं. तिची आय बी हितंच हाय. तिला नीट ऐकू आलं न्हाई."