डाव्या कुशीचा टाका

दार लोटून घ्या रे, वारा येतोय. आणि मध्येमध्ये फाटे फोडायचे नाहीत. मी मनचं काही सांगत नाही. माझ्या ओळखीतला एक शिंपी आहे, अजून दुकान चालवतो, त्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. पटली तर पटली, नाहीतर झोपा जाऊन.

तर हा शिंपी कापडाचा तागा काढताना शिडीवरून पडला. बरगड्यांना मार लागला. थोरला भाऊ जाऊन महिनाही झाला नव्हता, घर आधीच सुन्न, त्यात हे. एकदा स्कॅन करून घे म्हणाले सगळे. गेला. त्या मशिनच्या बोगद्यातून आतबाहेर झाला, शर्ट घालत होता, तेवढ्यात स्कॅन तपासणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. बरगड्या ठणठणीत आहेत म्हणाल्या. मग अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "किडनी कुणाला दिलीत?"

शिंपी हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करतायत. बाईंनी पडद्यावर दाखवलं. उजवीकडे एक, घेवड्याच्या दाण्यासारखी. डावीकडे काहीच नाही.

आता त्याच्या डाव्या कुशीवर जुना व्रण होता खरा. सोळाव्या वर्षी अपेंडिक्स काढलं, असं घरच्यांनी सांगितलेलं. अपेंडिक्स उजवीकडे असतं, हे त्याला त्या दिवशी बाईंकडून कळलं. जन्मभर लोकांची मापं घेतली गड्यानं, आणि स्वतःच्या अंगावरची शिवण कधी तपासली नाही. पण घरच्यांवर कोण संशय घेतं?

घरी आला तो थेट आईसमोर. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. आधी तिनं टाळाटाळ केली, घातलेली घडी मोडून परत घातली, मग सगळं बाहेर आलं. तेव्हा दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. वडिलांची जुळली नाही, आईची जुळली नाही, याची जुळली. वडिलांनी एका ओळखीच्या डॉक्टरला हाताशी धरून काम उरकलं. दादा जन्मभर ज्या गोळ्या ब्लडप्रेशरच्या म्हणून घ्यायचा, त्या ही किडनी टिकवण्यासाठी होत्या. दादाला ठाऊक होतं. वहिनीला ठाऊक होतं. ज्याची होती, त्यालाच तेवढा पत्ता नाही.

"तुला दोन होत्या," आई म्हणाली, "त्याला एकही नव्हती."

"मागितली असती तर दिली असती, आई."

आईनं पुढचा कपडा घडीला घेतला.

किडनी गेल्याचं दुःख नव्हतं रे त्याला. केसानं गळा कापला होता, आणि तोही घरच्यांनी. लहानपणी दोघं एकाच अंथरुणात झोपायचे. ऑपरेशननंतर दादा रोज झोपताना याच्या डाव्या कुशीवर हात ठेवायचा. हा त्याला माया समजत आला होता.

तीच रात्र. मंगळवार. दोन वाजून गेले होते. दिवे गेले नव्हते, पंखा चालू होता, हे लक्षात ठेवा. शिंपी भिंतीकडे तोंड करून पडलेला, टक्क जागा. मागे गादी दबली. कुणीतरी टेकलं.

मग हात आला. डाव्या कुशीवर.

गार...

त्यानं वळून पाहिलं नाही. हात ओळखीचा होता.

"दादा," तो म्हणाला, "कळलं मला."

...

"एकदा विचारायचं होतंस रे..."

हात थांबला. मग सरकला. हळू. कुशीवरून पोटावर. पोटावरून खाली, उजवीकडे. तिथे दाबला. जोरात नाही... पण उठता येईना. ओरडता येईना. पंखा फिरतोय... हात तिथेच...

उजाडलं तेव्हा मागे कुणी नव्हतं.

पोटात खाली जडपणा राहिला, म्हणून आठवड्यानं तो परत त्याच बाईंकडे गेला. पुन्हा स्कॅन झालं. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग याच्याकडे. आधीचं स्कॅन काढून शेजारी लावलं. डावीकडची जागा अजून रिकामीच होती. पण खाली, ओटीपोटात, उजव्या बाजूला एक किडनी होती. दुसऱ्याची घेतलेली किडनी तिथेच बसवतात म्हणे. दादालाही तिथेच बसवली होती.

बाईंनी पडद्यावर त्या जागी बोट ठेवलं. "ही... कुणी दिली?"

"ज्यानं घेतली होती, त्यानंच," शिंपी म्हणाला. "तेव्हाही विचारलं नाही, आताही नाही."

मग त्यानं शर्ट वर केला आणि पोटावरून बोटं फिरवली. शिवण शोधणं हा तर त्याचा धंदाच. दोनदा फिरवली.

टाका कुठेच नव्हता.